नवसाचं पावशेर

माझ्या मोठ्या जावेचं दहावं झालं, त्या दुपारी तिच्या मुलीने तिची पत्र्याची पेटी उघडली. आत दोन धुतलेली लुगडी, लग्नातली कुंकवाची कोयरी, एक अडकित्ता आणि अगदी तळाशी चिंधीत गुंडाळलेलं लोखंडाचं एक माप निघालं. पावशेराचं. बाजारातून शेर केव्हाच गेले, किलो आले. असलं माप कोणी पेटीत का जपून ठेवावं, हे कोणालाच कळेना.

माझ्या मुलाने ते उचललं आणि तळहातावर दोनदा उडवून पाहिलं. तो जन्मभर भाजीच्या धंद्यात, त्याचा तळहात हाच त्याचा काटा. तो म्हणाला, "हे भरत नाई. घासेल हाय. मोठ्या मायपाशी खोटं माप काऊन?"

मला हसू आलं. दहाव्याच्या दिवशी, सुतकाच्या घरात, भरल्या बायकांमध्ये. मी पदर तोंडात कोंबला आणि भिंतीकडे वळले. खांदे हलत होते. शेजारच्या एकीला वाटलं मी रडते आहे, तिने पाठीवरून हात फिरवला, तेव्हा तर मला अजूनच आवरेना. मग खरंच रडू आलं, त्यामुळे निभावलं.

मुलाला मी उत्तर दिलं नाही. तोंडी सांगायला गेले तर अर्ध्यातच पुन्हा तसंच होईल, म्हणून लिहिते आहे. दिवसाला एखादं पान होतं.

ही गोष्ट आमचा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता तेव्हाची. आमचा मळा उंद्रीला, नाल्याच्या काठी. विहिरीवर दोन मोटा, वांगी, मिरची, मेथी, कांदा आणि कडेला थोडा ऊस. तो ऊस गाळून पौषात घरापुरता गूळ व्हायचा. घरात सासरे, त्यांची थोरली विधवा बहीण, दोन भाऊ आणि आम्ही दोघी जावा. सासू नव्हती. घर चालायचं ते सासऱ्यांच्या बहिणीच्या शब्दावर. तिला सगळे आत्याबाई म्हणायचे. बाजारात तागडी धरायची ती तिनेच, आणि गुळाच्या कोठीची किल्लीही तिच्याच कनवटीला.

सुनांना आमच्याकडे नावाने हाक मारत नसत. जाऊ पिंपळगाव राजाची, म्हणून ती पिंपळगाववाली. मी डोणगावची, म्हणून डोणगाववाली. माझे वडील डोणगावला शाळामास्तर होते. मला त्यांनी मराठी शाळेचे सगळे वर्ग शिकवले आणि लग्नात भांड्यांबरोबर तीन पुस्तकं दिली. सासरी त्या पुस्तकांचं पुष्कळ दिवस कौतुक झालं, म्हणजे त्यांच्यावर दह्याचं गाडगं ठेवायला सोय झाली. चारचौघांत मी जावेला अहोजाहो करायची. वाफ्यात दोघीच असलो की अगं-तुगं.

कार्तिकात मला मुलगा झाला. हाच, माप उडवणारा.

मुलगा गुटगुटीत नव्हता, पण किरकिराही नव्हता. त्याची एकच खोड. प्यालेलं दूध तो परत द्यायचा. पिऊन झालं, दोन घटका गेल्या न गेल्या, की गालाच्या कोपऱ्यातून पांढरी धार. कधी पातळ, कधी दह्याच्या कवड्यांसारखं. त्याला त्याचं काही दुःख नसायचं. धार काढून झाली की तो ज्याच्या अंगावर काढली त्याच्याकडे पाहून हसायचा. सासऱ्यांच्या नव्या पैरणीवर, भासऱ्यांच्या, म्हणजे थोरल्या दिरांच्या, पागोट्यात, पंचांग सांगायला आलेल्या भटजींच्या उपरण्यावर, कोणाला म्हणून त्याने वगळलं नाही. भटजींनी उपरणं झटकून सांगितलं की ग्रह ठीक आहेत.

आत्याबाईंना मात्र ते हसू दिसत नसे, धार दिसे. त्यांनी गुटी उगाळून चाटवली, ती आली परत. एरंडेल दिलं, ते दोन्ही बाजूंनी आलं. पोटाला पट्टा आवळून बांधला आणि पाळण्याला असे हिसके दिले की वरचं आढं करकरू लागलं. जितका पट्टा घट्ट, जितका पाळणा जोरात, तितकी धार लांब. शेवटी एका संध्याकाळी जेवणानंतरचा गुळाचा खडा तोंडात घोळवत त्यांनी सांगितलं की येत्या अमावास्येला लेकराच्या पोटाला डाग देऊ.

डाग म्हणजे पोती शिवायची दाभण चुलीत लाल करायची आणि बेंबीभोवती टेकवायची. आत्याबाईंचा हात त्यात नावाजलेला. अर्ध्या उंद्रीच्या पोटावर त्यांची सही होती. मी रात्री नवऱ्याजवळ रडले, तर त्यांनी सदरा वर करून आपलं पोट दाखवलं. म्हणाले, "माह्या पोटावर पाच हायत. मेलो काय मी?" यावर बायकोने काय बोलावं?

जाऊ बोलली. दुसऱ्या दिवशी मेथी खुडताना, मान वर न करता. तिची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. तान्ही असताना तिला तीन डाग दिले होते. त्यातला एक पिकला आणि पोर दोन महिने तापाने फणफणत होती. ते मला माहीत होतं. जाऊ त्याबद्दल काय धरून बसली होती, ते माहीत नव्हतं.

"माह्या पोरीच्या वेळेस मी चूप राह्यली," ती म्हणाली. "मले वाटे, मोठ्यायले समजते. आता चूप राह्यनार नाई."

मग तिने मेथीची जुडी बांधली आणि चिखलीच्या बाजाराला गाडी जाणार आहे का, ते विचारायला गेली.

त्या आठवड्यात चिखलीच्या बाजाराला भाजीच्या गाडीत आम्ही दोघी बसलो. बांगड्या भरायच्या होत्या, असं सांगितलं होतं. बांगड्या भरल्याही, नाहीतर परत आल्यावर हात कोण दाखवणार? पण त्याआधी तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हातारे, चष्मा कपाळावर ठेवून बोलणारे. त्यांनी मुलाला चाचपलं, पोट दाबलं, जीभ पाहिली, पितळी पारड्याच्या काट्यावर ठेवलं. मुलाने रीतीप्रमाणे त्यांच्या बाहीवर आपली खूण केली आणि हसला. डॉक्टरही हसले.

त्यांनी सांगितलं की पुष्कळ मुलं असं दूध टाकतात. गळ्याखालचं झाकण अजून ढिलं असतं, पोट भरलं की वर येतं. मूल बसायला लागलं, अन्न खाऊ लागलं, की आपोआप कमी होतं. तोवर एकदम पोटभर पाजू नका, थोडं थोडं, पण वरचेवर पाजा. पाजून झालं की खांद्यावर उभं धरा, पाठ थोपटा, ढेकर येऊ द्या. लगेच पाळण्यात घालू नका, पट्टा तर सोडूनच टाका. आणि दर पंधरवड्याला वजन करा. वाढतंय तोवर काळजी नको. वाढ थांबली, हिरवं किंवा रक्ताचं ओकला, लंगोट कोरडे राहू लागले, तर सगळी कामं टाकून इकडे या. डाग मात्र कोणाला देऊ देऊ नका.

गाडीत जाऊ म्हणाली की यातलं सगळं जमेल, एक सोडून. वजन.

हे बाहेरच्या माणसाला समजायचं नाही. आमचं घर भाजीवाल्यांचं. आमच्याकडे जे तागडीत बसतं ते दिवस मावळायच्या आत दुसऱ्याच्या घरी जातं. वांगं तोललं की ते आपलं राहिलं नाही. म्हणून घरच्या खाण्याची भाजीसुद्धा आम्ही तोलत नसू, मुठीने घ्यायची. आणि तान्हं लेकरू तोलायचं म्हणजे ते देऊन टाकल्यासारखंच. सासऱ्यांपासून गड्यापर्यंत सगळ्यांचं यावर एकमत होतं. डॉक्टरांनी त्याला काट्यावर ठेवलं, हे आम्ही दोघींनी गाडीतच गिळून टाकलं.

पण वजन केल्याशिवाय आत्याबाईंना दाखवायचं काय? मग आम्ही चोरी केली.

वांग्यांच्या तोडणीचा दिवस होता. आत्याबाई गुऱ्हाळाच्या कढईजवळ होत्या. विहिरीजवळच्या मांडवात तागडी टांगलेली. आम्ही एका पाटीत वांगी पसरली, वर मुलाला झोपवला, त्याच्यावर दोन पानं ठेवली, की लांबून कोणी पाहिलं तर ढिगाला पाय फुटले आहेत एवढंच दिसावं. जाऊ मापं चढवू लागली. तेवढ्यात मुलगा वांग्यांवर ओकला. मी पदराने वांगी पुसते आहे, जाऊ काटा धरून हसू दाबते आहे, आणि मांडवाच्या दारात आत्याबाई.

त्या ओरडल्या नाहीत. खरं म्हणजे त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"लेकरू तागडीत घातलं तुमी?"

मी काही बोलण्याआधी जाऊ पुढे झाली. इतक्या सहज, जणू पाणी विचारायला आली आहे.

"तोललं नाई, आत्याबाई. म्या नवस बोलला हाय. दोर तुटते का काय, ते पाहून राह्यली होती."

आता हेही सांगायला हवं की लेकराला तोलायची एक वाट आमच्यात मोकळी होती. देवाला नवस बोलून गुळाने तुळा करायची. एका पारड्यात लेकरू, दुसऱ्यात गूळ. तिथे घराबाहेर जातो तो गूळ, लेकरू घरात राहतं. देवाशी झालेला सौदा, त्यात भीती नाही. पण तुळा व्हायची ती दुखणं बरं झाल्यावर, आणि एकदाच.

आत्याबाईंनी विचारलं, कोणत्या देवाला बोललीस? जाऊ म्हणाली, मारुतीला. मग जरा थांबून म्हणाली, विहिरीच्या साती आसरांनाही. आणि बांधावरच्या पिरालाही. तीन तुळा, पंधरा-पंधरा दिवसांनी. आणि नवस चालू आहे तोवर लेकराच्या अंगाला आग आणि लोखंड लावायचं नाही. दूध पाजल्यावर त्याला आडवंही करायचं नाही, अर्धा-पाऊण तास खांद्यावर उभं धरायचं, पोटाला काही बांधायचं नाही.

"असा कोठचा नवस असते?" आत्याबाईंनी विचारलं.

"आमच्या पिंपळगावले असंच असते."

पुढे बऱ्याच वर्षांनी एका लग्नासाठी मी पिंपळगाव राजाला गेले होते. चार म्हाताऱ्यांना हळूच विचारलं. असला नवस कोणी ऐकलेला नव्हता.

आत्याबाईंनी मुलाकडे पाहिलं. मग त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या की त्यांचं पहिलं लेकरूही असंच दूध टाकायचं. सासू डाग द्या म्हणत होती, नवऱ्याने देऊ दिला नाही. ते लेकरू तीन महिन्यांचं होऊन गेलं. एवढं सांगून त्या उठल्या. देवाच्या नवसाच्या आड त्या येणार नव्हत्या. पण त्यांचीही अट होती. दर तुळेला लेकरू वाढलेलं दिसलं पाहिजे. एकाही तुळेला वाढ दिसली नाही, तर त्याच सांजेला दाभण तापेल आणि मग पिंपळगावचं कोणी ऐकणार नाही.

पहिली तुळा पौषी पौर्णिमेला मारुतीसमोर झाली. मुलाला झबलं, टोपरं, दुपटं असा बांधून पारड्यात ठेवला. साडेपाच शेर भरला. नव्या गुळाच्या ढेपी फोडून तेवढा गूळ वाटला. पहिला खडा रीतीप्रमाणे घरच्या वडीलधाऱ्या बाईचा, म्हणून आत्याबाईंचा. त्यांना गूळ फार आवडायचा. जावेने बाकीचे दोन देव निवडताना हे लक्षात ठेवलं होतं, अशी माझी पक्की खात्री आहे.

नवसाचे नियम आत्याबाईंनी असे काही पाळले की आम्हीच थक्क झालो. मी पाजून घेतलं की त्या मुलाला ओढून खांद्यावर टाकायच्या आणि अंगणात फेऱ्या घालायच्या. कोणी आडवा करायला सांगितलं तर अंगावर जायच्या. त्यांच्या लुगड्याची पाठ सदा ओली, आणि मागून मांजर.

घोटाळा मीच केला.

वडिलांनी दिलेल्या तीन पुस्तकांत एक बालसंगोपनाचं होतं, पुठ्ठा गेलेलं. दह्याच्या गाडग्याखालून ते मी काढलं. त्यात छापलं होतं की मुलाला दर चार तासांनी, घड्याळ पाहून पाजावं. मध्ये रडलं तरी देऊ नये, शिस्त लागते. डॉक्टरांनी याच्या उलट सांगितलं होतं, पण ते तोंडी होतं. हे छापलेलं होतं. माझा छापलेल्यावर विश्वास जास्त. घरात घड्याळ नव्हतं, म्हणून मी विहिरीच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढल्या आणि मोटेच्या खांबाची सावली रेघेवर आली की पाजू लागले. मुलगा रडायचा. मी सावलीकडे पाहायची. मग एकदम भुकेने हपापून प्यायचा आणि निम्मं परत. जाऊ एकदा म्हणाली की सावलीला भूक लागत नाही. तिला शिस्त म्हणजे काय ते माहीत नाही, असं मला वाटलं.

अमावास्येला विहिरीपाशी दुसरी तुळा. त्या दिवशी मुलाला बांधून तयार करायचं काम जावेने आपल्याकडे घेतलं. त्याला पारड्यात ठेवला, समोर साडेपाच शेर गूळ चढवला. मुलाचं पारडं खालीच. आणखी पावशेर गूळ घातला, तेव्हा काटा मधोमध आला. सासरे खूश झाले. आत्याबाईंनी काट्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, खडा घेतला आणि काही न बोलता निघून गेल्या. मी मनातल्या मनात पुस्तकाला नमस्कार केला.

गूळ वाटून झाल्यावर जाऊ मला उसाच्या कडेला घेऊन गेली. मुलाचं दुपटं सोडलं. झबल्याच्या आत, कमरेशी, चिंधीत बांधलेलं पावशेराचं माप होतं.

"हे आत्याबाईसाठी होतं," ती म्हणाली. "तुह्यासाठी नाई. खरं आयक. पोरगं जागच्या जागी हाय. पंधरा दिवसांत गुंजभर वाढलं नाई."

ती आता काहीतरी लागेल असं बोलेल, म्हणून मी वाट पाहत होते. ती एवढंच म्हणाली की आत्याबाईंना एकदा फसवता येईल, पोराच्या पोटाला एकदाही नाही. मग तिने माप कनवटीला खोचलं आणि भाकरी टाकायला गेली.

त्या संध्याकाळी मी भिंतीवरच्या रेघा भिजल्या चिंधीने पुसल्या. पुस्तक परत गाडग्याखाली गेलं. मग मागेल तेव्हा पाजायचं, थोडंच, एका बाजूचं झालं की थांबवून खांद्यावर, ढेकर आली की पुन्हा. वाफ्यात असले तर जाऊ बांधावरून हाक मारायची, मी चिखलाच्या पायांनी पळायची. मी स्वतः नीट जेवत नव्हते, हेही तिनेच पाहिलं. माझ्या ताटात ती न बोलता जास्तीची भाकर, मेथीची भाजी, तिळाची चटणी टाकायची आणि मी नको म्हटलं की सांगायची, आमच्या पिंपळगावले असंच असते. दूध टाकणं मुलाने काही सोडलं नाही. पण आता धारेपेक्षा चूळच जास्त, आणि लंगोट इतके ओले की दोरी पुरेना. मी दर सकाळी त्याची मांडी चिमटीत धरून पाहायची आणि काही समजत नसे. पंधरा दिवसांत मी जितके देव आठवले, तितके जावेच्या नवसातही नव्हते.

माघी पौर्णिमेला तिसरी तुळा, बांधावरच्या पिरासमोर, लिंबाखाली. सकाळची थंडी. मुलाला मीच गुंडाळून आणला होता, जावेला हात लावू दिला नव्हता. आत लोखंड नव्हतं. मापाशिवाय तो किती भरेल हे मला माहीत नव्हतं, जावेलाही नव्हतं. आणि मागचं खोटं पावशेर आता आमच्याच मानगुटीवर बसलं होतं. तेवढं भरून काढून वर आणखी वाढ दिसायला हवी होती.

मी मुलाला पारड्यात ठेवणार, तेवढ्यात आत्याबाईंनी तो माझ्या हातातून घेतला. दुपटं सोडलं, टोपरं काढलं, झबलं काढलं, लंगोट काढला. काळा दोरा तेवढा राहिला. मुलगा थंडीने आक्रसला, मग सगळ्यांकडे पाहून हसला.

"मागच्या खेपेले पोराच्या कमरेले लोखंड होतं," आत्याबाई म्हणाल्या. "नवसात लोखंड लावू नाई म्हणे. अन् बांधलं कोणं?"

जाऊ खाली पाहत उभी. सासरे काही न समजून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत होते.

"चाळीस वरसं तागडी धरली म्या," त्या पुढे म्हणाल्या. "कोणत्या पारड्यात काय हाय, ते मले डोये मिटून समजते. चूप राह्यली. म्हटलं पाहू, पोरगं लोखंड खाऊन वाढते काय."

मग त्यांनी जावेपुढे हात केला. जावेने कनवटीचं माप काढून दिलं. आत्याबाईंनी ते पाहिलं आणि क्षणभर त्यांचाही चेहरा बदलला. आमच्या तागडीला पावशेराची दोन मापं होती. एक माल घ्यायचं, भरलेलं. दुसरं विकायचं, खालून घासलेलं. कोणी घासलं ते विचारायची रीत नव्हती. जावेने विकायचं उचललं होतं. त्यामुळे तुळेच्या जागी पिरासमोर दोन लबाड्या एकमेकींकडे पाहत उभ्या राहिल्या, आणि दोघींनाही ते कळलं.

आत्याबाईंनी गुळाच्या पारड्यात मागच्या वेळेइतकाच गूळ घातला, पावणेसहा शेर. वर ते लोखंडाचं माप ठेवलं. मग नागव्या मुलाला दुसऱ्या पारड्यात बसवल्यासारखं टेकवलं आणि हात काढला.

काटा थरथरला. मी डोळे मिटले. साखळी कुरकुरली आणि जावेने माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की चिखलीची एक नवी बांगडी फुटली. डोळे उघडले तेव्हा मुलाचं पारडं खाली होतं. सावकाश, ठाम, जसं पाणी भरलेली मोट बसते तसं.

कोणी काही बोलायच्या आत मुलाने पारड्यातच मोठी धार सोडली, खालून. आणि मग, राहून गेलं म्हणून की काय, वरून दूधही टाकलं. थोडं गुळावर उडालं.

आत्याबाईंनी त्याच गुळाचा खडा मोडला, लुगड्याला पुसला आणि तोंडात टाकला. चघळून झाल्यावर त्यांनी कमरेच्या पिशवीतून दाभण काढली. म्हणजे ती त्यांनी बरोबरच आणली होती. त्यांनी ती सासऱ्यांच्या हातात दिली आणि कांद्याची पोती उसवली आहेत, ती शिवून घ्या म्हणाल्या. माप त्यांनी जावेला परत दिलं.

"ठेव तुह्यापाशी. तागडीत घालू नको आता. देवाचं झालं ते."

त्या दिवसापासून आमच्या मळ्याचं विकायचं पावशेर भरलेलं असे. त्याचं कारण गिऱ्हाइकांना कधी कळलं नाही. आत्याबाईंनी पुढेही डाग दिले, नाही असं नाही. पण बाया लेकरं घेऊन आल्या की त्या आधी विचारायच्या, ओकून हसते का रडते? हसत असेल तर म्हणायच्या, उभं धरा, गुळाची तुळा बोला. गावात त्या सालापासून तुळा फार वाढल्या.

मुलगा सहाव्या महिन्यात बसू लागला. मुगाच्या वरणात कालवलेला मऊ भात, ज्वारीची पातळ पेज, असं बोटाने चाटवायला लागलो, तशी धार कमी झाली. चालायला लागेपर्यंत ती गेलीच. घरात थोडं चुकल्यासारखं वाटलं. आत्याबाईंची पाठ कोरडी राहू लागली आणि मांजर दुसऱ्या घरी गेलं.

आज सकाळी मुलाने पुन्हा विचारलं, ते खोटं माप फेकून देऊ काय म्हणून. तो भारदस्त माणूस आहे, दारातून आत येताना वाकावं लागतं, आणि वजनाच्या बाबतीत फार सरळ. मी त्याला म्हटलं, फेकू नकोस, आधी तुझा सदरा वर कर. त्याला वाटलं सुतकातल्या जागरणाने मी भ्रमिष्ट झाले. पण आईने सांगितलं म्हणून त्याने केला. चांगलं सुटलेलं पोट आहे. मी बेंबीभोवती नीट पाहिलं. एकही डाग नाही.

मग माप मागून घेतलं आणि माझ्या पेटीत, त्या पुठ्ठा गेलेल्या पुस्तकाखाली ठेवलं.